एक तवा आमच्यासाठी वेगळा ठेवा: हॉटेलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले हॉटेलमालक, खानावळवाले, ढाबेवाले, केटरर आणि भटारखान्यात उभे राहणारे सगळे वस्ताद व मावश्या यांस,

विषय: सीलिअ‍ॅकच्या पेशंटला तुमच्याकडे निर्धास्त जेवता यावं याबद्दल (सीलिअ‍ॅक म्हणजे गहू पोटात गेल्याने आतडं झिजण्याचा आजार)

सप्रेम नमस्कार.

मी तुमचं जुनं गिऱ्हाईक आहे. मूळ सोलापूरचा, आता पुण्यात राहतो. ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या कंपनीत फिरतीची नोकरी आहे, त्यामुळे महिन्यातले पंधरा-सोळा दिवस बार्शी, लातूर, नांदेड, जत, कोल्हापूर, चिपळूण असे रस्त्यावरच जातात. बाहेर खाणं ही माझी हौस नाही. दुपारी एक-दीड वाजता डीलरच्या दुकानातून बाहेर पडायचं आणि समोर जे हॉटेल दिसेल तिथे जेवायचं, हे गेली सतरा वर्षं चालू आहे. त्यातली शेवटची सात वर्षं मी सीलिअ‍ॅकचा पेशंट म्हणून तुमच्या दारात उभा राहतो. काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते या पत्रात सांगतो आहे.

गव्हात, जवात आणि राय नावाच्या एका धान्यात ग्लूटेन हे प्रथिन असतं. कणकेला चिवटपणा येतो, पाव फुगतो, तो त्याच्यामुळे. ज्याला सीलिअ‍ॅक आहे त्याच्या शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लूटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती लव झिजत झिजत सपाट होते. मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. कुणाला सतत जुलाब होतात, कुणाचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं वर येत नाही, मुलांची उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात. काहींना तर वरवर कसलाच त्रास जाणवत नाही आणि आत झीज चालूच राहते. यावर औषध नाही. जन्मभर ग्लूटेन पूर्ण बंद, एवढाच उपचार. बंद केलं की आतडं हळूहळू भरून येतं. परत पोटात गेलं की परत झिजतं. उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांत शंभरात साधारण एकाला हा आजार आढळला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकही नसतं.

मलाही ठाऊक नव्हतं. सोलापूरला घरी दोन्ही वेळा भाकरी असायची. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी वर्षाची भरून ठेवायची, पोळी व्हायची ती सणाला किंवा पाहुणे आले की. नोकरी लागून पुण्याला आलो, मेसचा डबा सुरू झाला, डब्यात रोज चार पोळ्या. सकाळी पोहे नसले तर टोस्ट, संध्याकाळी वडापाव. दोन-तीन वर्षांत मी वाळलो. तोंड येणं कायमचं झालं. जिना चढताना धाप लागायची. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, जंताचं औषध घेतलं, जागरण आणि फिरती यांना दोष दिला. सुट्टीत आठ-दहा दिवस गावी गेलो की बरं वाटायचं आणि आई म्हणायची, पुण्याचं पाणी लागत नाही पोराला. शेवटी एका डॉक्टरांनी या आजाराची शंका घेऊन रक्ताची टीटीजी तपासणी लिहून दिली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघितला आणि नाव कळलं. पाण्याचा दोष नव्हता. गावी गेलो की गहू सुटायचा, एवढंच.

पुढे वाचनात आलं की हा शोध लागायला असाच एक योग कारणी लागला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होताच. त्या काळात या आजाराची मुलं पावावाचून सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाकडे बोट दाखवलं. मी ते वाचलं तेव्हा मला आईच्या परातीची आठवण झाली.

आता तुमच्या-माझ्या संबंधाकडे येतो.

निदान झाल्यावर मला वाटलं होतं की महाराष्ट्रात आपल्याला काही अडचण नाही. भाकरी कुठेही मिळते. पहिल्याच वर्षी महामार्गावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. वेटरला विचारलं, भाकरी कशाची? म्हणाला, ज्वारीची. गल्ल्यावर मालक होते, त्यांना मुद्दाम जाऊन विचारलं. ते म्हणाले, "शंभर टक्के ज्वारी, आमच्या शेतातली." दोन भाकऱ्या, पिठलं आणि ठेचा खाल्ला, बरं वाटलं. रात्री लॉजवर जे पोट बिघडलं ते चार दिवस. नांदेडची मीटिंग बुडाली. त्यानंतर तीन आठवडे तोंडात फोड होते.

महिन्याभराने त्याच रस्त्याने जाताना परत तिथे थांबलो आणि मालकांची परवानगी घेऊन आत गेलो. मावशी भाकऱ्या थापत होत्या. परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, शेजारच्या डब्यात हात घातला आणि मूठभर कणीक त्यात टाकली. मी विचारलं, मावशी, हे काय? त्या म्हणाल्या, "विरी गेलीया पिठाची. नुसत्या जुंधळ्याची थापली तर फाटते बघा. एवढी मूठ घातली की कशी गोल येते."

वेटर खोटं बोलला नव्हता, मालकही खोटं बोलले नव्हते. मावशी तर पस्तीस भाकऱ्या एका दमात थापत होत्या, एकही फाटू न देता, आणि गिऱ्हाइकाच्या ताटात चांगली भाकरी जावी म्हणूनच ती मूठ घालत होत्या. परातीत काय पडतं ते गल्ल्यावर कुणाला माहीत नव्हतं आणि गल्ल्यावर मी काय विचारलं ते परातीपर्यंत पोचलं नव्हतं. गेल्या सात वर्षांत मला जो त्रास झाला, त्यातला बहुतेक याच अंतरामुळे झाला. म्हणून मालकांना माझी पहिली विनंती अशी, की माझ्यासारखा कुणी आला तर त्याला "हो, हो, चालेल" म्हणण्याआधी दहा पावलं आत जाऊन थापणाऱ्या माणसाला विचारा. किंवा त्यालाच आत येऊ द्या.

आणि मावश्यांना एक सांगायचं आहे, जे मी माझ्या आईकडून शिकलो. विरी गेलेल्या, म्हणजे चिकटपणा गेलेल्या, पिठाला कणकेची गरज नसते, आधणाची असते. पाणी खळखळ उकळून पिठात ओतायचं, उलथन्याने हलवून पाच मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग मळायचं. जुन्या पिठाचीसुद्धा भाकरी फाटत नाही. दळण थोडं थोडं आणलं तर तेवढंही करावं लागत नाही.

मूठभराने काय होतं, असं अनेक जण मला प्रेमाने विचारतात. म्हणून हिशोब सांगतो. ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर एक किलो अन्नात जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं, आपल्या एफएसएसएआयचाही, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाही, हाच नियम आहे. एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूट. मावशींची मूठ त्याच्या शंभरपट होती. दुसऱ्या बाजूने बघा. घरच्या एका साध्या पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे त्या पोळीचा पन्नासावा तुकडा, इतकं ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तरी सीलिअ‍ॅकच्या पेशंटचं आतडं झिजतं, हे तपासून बघितलेलं आहे. पोळीवर लावायची पिठी तुमच्या ओट्यावर उडालेली असते, ती एवढी सहज भरते. आणि ग्लूटेन जंतूसारखं नाही. उकळून, तळून, भाजून ते मरत नाही. साबण-पाण्याने घासून धुतलं तरच जातं.

हे तुम्हाला जमणार नाही असं मला कुणी सांगितलं, तर मी मानणार नाही. कारण तुम्ही हे रोज करता.

निदानानंतरच्या पहिल्या वर्षात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. एकादशी आणि संकष्टी या दिवशी मला बाहेरचं खाऊन कधीच त्रास होत नाही. मी उपवास करत नाही, पण त्या दिवशी तुमच्या बोर्डावर साबुदाणा खिचडी असते, भगर आणि दाण्याची आमटी असते, बटाट्याची जिऱ्यातली भाजी, राजगिऱ्याची पुरी. यातल्या कशातच गहू नाही, हिंगही नाही. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. आषाढी एकादशीला पंढरपूरच्या रस्त्यावर एका छोट्या हॉटेलात मी साबुदाणा वडे तळताना बघत उभा होतो. कढई वेगळी, तेल नवं, झारा वेगळा, वडे ठेवायची परातही वेगळी. कामावरच्या पोराने कांदाभज्यांचा झारा उचलून त्या कढईकडे नेला मात्र, वस्ताद एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेर बसलेली माणसं आत बघायला लागली. "अरे, उपासाचं तेल आहे ते!" पोरगं जागच्या जागी थबकलं.

तेलात कांद्याचा अंश गेला तर गिऱ्हाइकाचा उपवास मोडेल, हे त्या वस्तादाला कुणी कायदा दाखवून शिकवलं नव्हतं. आईने, आजीने शिकवलं होतं. जैन थाळी देणारे तुम्ही शेकडो जण आहात. कांदा-लसूण, बटाटा, कंदमुळं टाळून ग्रेव्ही वेगळी ठेवता, डाव वेगळा ठेवता, आणि जैन गिऱ्हाईक डोळे मिटून तुमच्यावर विश्वास टाकतं. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही करणारे तवे वेगळे ठेवतात आणि तसं पाटीवर लिहितातही. एकात दुसरं मिसळू न देणं हे कसब आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते श्रद्धेसाठी वापरता, याबद्दल मला आदरच आहे. तेच कसब माझ्या आजारासाठी वापरा, एवढंच मागतो आहे. तुमच्या माणसांना ग्लूटेन हा शब्द कळला नाही तरी हरकत नाही. "याला गव्हाचा उपास आहे, अगदी कडक" असं सांगा. मी स्वतः हल्ली असंच सांगतो आणि नव्वद टक्के काम त्या एका वाक्यात होतं.

गव्हाचा अंश कुठे कुठे दडलेला असतो ते मात्र तुम्हाला माहीत हवं. पोळी, पाव, शेवया, रवा हे सगळ्यांना दिसतं. डब्यातला हिंग कुणालाच दिसत नाही. बाजारात मिळतो तो बहुतेक हिंग मिश्र असतो, त्यात खऱ्या हिंगापेक्षा डिंक आणि पीठ जास्त, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे वरण-भातासारखं साधं जेवणही फोडणीत बिघडतं. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, नाहीतर माझ्या ताटापुरता हिंग वगळा.

पावभाजीतल्या भाजीत गहू नसतो, पण त्याच तव्याच्या कडेला पाव भाजले जातात आणि तेच उलथनं भाजीत फिरतं. भुर्जीच्या गाडीवर तसंच. बटाटावडा बेसनाचा, पण तळला जातो समोशाच्या तेलात. डोसा तांदूळ-उडदाचा, पण त्याआधी तव्यावर रवा डोसा पडलेला असतो. मिसळीची तर्री चालेल, फरसाण नाही, कारण त्यात मैद्याच्या पापड्यांचा चुरा असतो. चायनीजमधल्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतोच. कोकणात आणि गोव्यात मासे रव्यात घोळवतात. तांदळाच्या पिठात घोळवलेला बांगडा मला चालतो, पण तो रव्याच्या सुरमईबरोबर एकाच तव्यावर पडला की संपलं. जाड ग्रेव्हीत कुणी मैदा सोडतं. गुलाबजामात मैदा असतो. हे सगळं मी अनुभवाने शिकलो आणि प्रत्येक ओळीमागे एक वाईट आठवडा आहे.

गिरणीबद्दल थोडं, कारण तुमच्यातले बरेच जण पीठ दळून आणता. आपल्याकडे गिरणीवाला अजूनही विचारतो, "कशावर टाकू?" आणि बायका सांगतात, ज्वारीवर ज्वारी टाका, उपवासाची भाजणी असेल तर आधी जातं साफ करून घ्या. गव्हावर ज्वारी दळली तर पहिल्या दीड-दोन किलोत गहू उतरतो, हे पीठ हातात घेतल्यावर कळतंसुद्धा. तुम्ही मोठं दळण देणारे. तुमचा शब्द गिरणीवाला ऐकेल. ज्वारी-बाजरीचं दळण सकाळी पहिलं, जातं झाडून, असं सांगितलंत तर तुमच्या गावातल्या माझ्यासारख्या दोन-चार घरांचीही सोय होईल.

आता एक अवघड गोष्ट. अलीकडे शहरांतल्या मेनूकार्डांवर "ग्लूटेन-फ्री" असं सर्रास छापलेलं असतं. नाचणीचा पाव, ज्वारीचा पिझ्झा, मल्टिग्रेन भाकरी. ज्यांना वजन उतरवायचं आहे त्यांना तो शब्द बरा वाटतो. पण पिझ्झा त्याच ओव्हनमध्ये, त्याच मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर केलेला असतो. मल्टिग्रेनमध्ये बहुतेक वेळा गहूही असतो. पुण्यातल्या एका ठिकाणी मला आग्रहाने सांगण्यात आलं की आमची पोळी खपली गव्हाची आहे, त्यात ग्लूटेन नसतं. खपली हा गहूच आहे. जुना आहे, पचायला हलका म्हणतात, खिरीला उत्तम. पण त्यात ग्लूटेन असतं आणि सीलिअ‍ॅकच्या माणसाला तो तितकाच बाधतो. कृपा करून हा शब्द खात्री असल्याशिवाय छापू नका. कार्डावर तो नसला तर मी विचारतो, सावध राहतो. तो छापलेला बघून माझ्यासारखी माणसं सावधपणा सोडतात.

कायद्याचंही सांगतो, धाक घालायला नाही, माहिती म्हणून. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे ज्यांचं सेंट्रल लायसन्स (केंद्राचा अन्न परवाना) आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत, त्यांनी मेनूवर पदार्थातल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची आहे. ग्लूटेन असलेली धान्यं त्या यादीत आहेत आणि हे जुलै 2022 पासून लागू आहे. लहान हॉटेलांना हे बंधन नाही. तरी माझा अनुभव असा, की लहान हॉटेलात मालक आणि चूल यांच्यात दहा पावलांचंच अंतर असतं, त्यामुळे नीट उत्तर तिथेच लवकर मिळतं. इटलीसारख्या पाव-पास्त्याच्या देशाने 2005 साली या आजारासाठी वेगळा कायदा केला. शाळा-इस्पितळांच्या कँटीनमध्ये मागितल्यास ग्लूटेनविरहित जेवण द्यायचं आणि हॉटेलवाल्यांच्या प्रशिक्षणात या आजाराचा धडा ठेवायचा, असं त्यात आहे. त्यांच्या मानाने आपलं काम किती सोपं आहे! आपल्याकडे भात आहे, ज्वारी, बाजरी, नाचणी आहे, घावन आहे, आंबोळी आहे, उकडीचे मोदक आहेत.

तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. "नाही" ऐकून मला वाईट वाटत नाही. कोल्हापूरला स्टँडजवळ एक मालक आहेत. मी माझ्या पथ्याचं कार्ड दाखवलं (त्याचा मजकूर पुढे दिला आहे), त्यांनी ते वाचलं, आत बघून आले आणि म्हणाले, "साहेब, आमच्यात जेवू नका. तवा एकच आहे आणि चपातीचं पीठ सगळीकडं उडालंय. घट्ट दही आहे, केळी मागवतो, अंडी उकडून देतो." स्वच्छ पातेल्यात चार अंडी उकडून दिली, सोलली नाहीत, सालीसकट दिली, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. त्यांच्याकडे मी आता दर फेरीला थांबतो आणि सोबतच्या तिघा-चौघांनाही तिथेच जेवायला नेतो. एका सीलिअ‍ॅकवाल्याला जिथे विश्वास वाटतो, तिथे त्याचं अख्खं टोळकं जेवतं.

लग्नाच्या केटररना एवढंच सांगायचं आहे: बुफेत भाताच्या भांड्यातला डाव पुरीच्या ताटाशेजारून फिरून येतो. माझ्यासारख्यासाठी वाढप सुरू होण्याआधी आतून एक ताट काढून ठेवता आलं तर पुष्कळ झालं. यजमान आधी सांगतात, पण ते तुमच्या वाढप्यापर्यंत पोचत नाही.

आणि "बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे" ही पाटी. आमच्या ओळखीत सहावीत शिकणारी एक मुलगी आहे, तिलाही हाच आजार. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गेल्या. तिच्या आईने डब्यात तांदळाच्या पिठाचे छोटे डोसे आणि एक बेसनाचा लाडू दिला होता. तिने डबा उघडला, तर वेटरने येऊन सगळ्यांसमोर बंद करायला लावला. ती काही बोलली नाही. दोन तास पाण्याचा ग्लास घेऊन बसली, टाळ्या वाजवल्या, घरी आल्यावर रडली. त्या टेबलाचं बिल काही हजारांत झालं होतं. त्या पाटीखाली एक ओळ वाढवा: "आजारामुळे पथ्याचा डबा आणला असल्यास आम्हाला सांगा." नुसतं एवढं केलंत तरी त्या मुलीच्या वयाची कितीतरी मुलं चारचौघांत मान वर करून बसतील.

माझ्या खिशात एक कार्ड असतं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण तुमच्या भटारखान्यात उत्तर प्रदेश, ओडिशा, नेपाळ असे कुठून कुठून आलेले लोक राबतात. मराठी मजकूर असा आहे:

"मला आतड्याचा आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, पाव, जव, सातूचं पीठ यांचा कणसुद्धा मला चालत नाही. ज्या तव्यावर पोळी किंवा पाव भाजला, ज्या तेलात समोसा तळला, त्यातलंही चालत नाही. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, भाज्या, दूध, दही, अंडी, मासे, मटण चालतं. हिंग आणि तयार मसाल्याचं पाकीट कृपया दाखवा. भांडं आणि डाव साबणाने धुऊन घ्या. शंका असेल तर नाही म्हणा, मला राग येणार नाही."

हा मजकूर कुणीही उतरवून घ्या. भटारखान्याच्या भिंतीवर चिकटवलात तर मला आनंदच होईल.

गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून गुहागरच्या बाजूला गेलो होतो. आडवाटेला एक खानावळ, चार टेबलं, एक काकू आणि त्यांची सून. कार्ड वाचून काकू म्हणाल्या, आमच्याकडे भाकरी तांदळाची, आमटी, भात, तिसऱ्या आहेत, गव्हाचं आज काही केलंच नाही. मी हिंगाबद्दल विचारलं. त्या आत गेल्या, डबा घेऊन आल्या, चष्मा लावला, तरी अक्षर लागेना. आत उजेड कमी होता. मग आम्ही दोघं दारात आलो, पावसाच्या उजेडात तो डबा तिरका धरला आणि एकेक अक्षर वाचलं. डिंक, मैदा, हिंग. काकूंनी डबा बाजूला ठेवला. "बघा, तीस वर्षं घालत्ये मी हा," एवढंच म्हणाल्या. आमटीला फोडणी पडायची होती. सुनेला म्हणाल्या, आधी यांची वाटीभर बाजूला काढ आणि कढलं घासून घे.

मी ती आमटी तीन वाट्या प्यायलो. रात्री लॉजवर शांत झोपलो.

पुढच्या आठवड्यात लातूर, मग अहमदपूरमार्गे नांदेड. बॅगेत सोलापूरच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी असतेच, उपाशी राहायची वेळ येत नाही. पण दुपारी तुमच्या दारात येईन. गर्दी असेल तर कडेला थांबेन. कार्ड हातात असेल. मला आत घ्या, नाहीतर तुमच्या मावशींना बाहेर बोलवा.

आपला,
फिरतीवरचा एक नेहमीचा गिऱ्हाईक